उलट्या भोवऱ्याचा बैल

नगरच्या एका वर्तमानपत्रात त्या वर्षी आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या होत्या. पोलिसांनी कसून तपास केला आणि बेपत्ता शेतकरी जिवंत सापडला, अशा अर्थाच्या. तो शेतकरी म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांना शोधलं मी. पोलिसांनी त्यांच्यासाठी फक्त एक विहीर उपसली, आणि तिच्यातून निघाला तो माणूस दुसराच होता. अजूनही एखाद्या लग्नात कोणी पाहुणा भेटतो आणि म्हणतो, तुमच्या दाजींना त्या फौजदारानं हुडकलं होतं ना? अशा बोलण्यावरून मी भरल्या ताटावरून उठलेलो आहे. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आज नागापूरला माझी पत्र्याची शेड आहे आणि मी जुनी यंत्रं घेतो-विकतो. पण बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी हेडी होतो. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. बाप लहानपणी गेला, चौथीत शाळा सुटली, लोकांच्या शेळ्या वळल्या, मग एक शेळी माझी झाली, तिच्या चार झाल्या, चारांची एक कालवड झाली. कोणी मला काही दिलं नाही. खर्ड्यापासून काष्टीपर्यंतच्या बाजारांत मला ओळखत नाही असा दलाल नव्हता. तरी हेडी या शब्दात लोक थोडी शिवी मिसळूनच बोलतात. शेतकऱ्याला वाटतं, हा आपल्याला फसवणार. आणि फसवलं नाही, तर वाटतं, फसवलेलं आपल्याला कळलं नाही.

दाजींचं गाव खर्ड्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाला. घरी दोन भाऊ, एकत्र जमीन, थोरल्या भावाच्या हातात कारभार. त्या वर्षी त्यांच्या बैलजोडीतला एक बैल चाऱ्यावाचून गेला. दुसरा राहिला. तो कोसा खिल्लार होता, तोंड काळं, अंग राखेच्या रंगाचं, डावं शिंग खाली वळलेलं आणि वशिंडाच्या मागे उलटा भोवरा. केसांचा असा भोवरा आमच्या धंद्यात अशुभ मानतात. असा बैल मालकाला उठवून रस्त्यावर आणतो म्हणतात, म्हणून कोणी दावणीला बांधत नाही. हा घरच्या गाईचाच म्हणून राहिला होता. थोरल्या भावानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

संक्रांतीच्या आधी तो विकायला दाजी खर्ड्याच्या बाजारात आले. मी तिथं होतोच. मी म्हणालो, मला द्या, सांभाळतो. दाजी म्हणाले, घरातला व्यवहार नको, उद्या बोलणं होतं. मी म्हणालो, मग दुसरा कोणीही घेईल आणि फसवील. ते म्हणाले, मी काय लहान आहे? आवाज चढले. शेवटी मी म्हणालो, "मग जा, काय मरायचं ते मरा." सगळ्या बाजारानं ऐकलं. मी असाच बोलतो, तेव्हाही आणि आताही. माझ्याशी व्यवहार केलेल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी मर म्हटलेलं आहे आणि ते सगळे आपापल्या मरणानं मेले.

दाजी त्या दिवशी घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आठवड्यानं थोरले भाऊ तालुक्याच्या ठाण्यात गेले. तिथं माणूस हरवल्याची नोंद झाली. दाजींचा फोटो कुठंच नव्हता, लग्नातलासुद्धा नाही. वर्णन लिहून घेतलं ते असं: उंची मध्यम, रंग सावळा, अंगात सदरा, धोतर, डोक्यावर टोपी, पायात वहाणा. हे वर्णन घेऊन शोधायला निघालं असतं तर फौजदाराला अर्धा तालुका धरून आणावा लागला असता. शेवटचं कोणी पाहिलं, या प्रश्नाला मात्र उत्तर होतं. खर्ड्याच्या बाजारात, मेव्हण्याशी भांडताना.

मला बोलावलं. एकदा नाही, चारदा. दर वेळी दिवसभर बाकावर बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी तोच प्रश्न विचारायचे. फौजदार पुण्याकडचा होता, तरणा, शर्टाला कडक इस्त्री. त्याला माझ्या धंद्याचीच घाण येत होती. मी सांगायचो, बैल कोणी घेतला ते शोधा, दाजी बैलामागं असतील. तो म्हणायचा, मी माणूस शोधतोय, जनावर नाही.

होळीनंतर दाजींच्या गावाच्या खालच्या अंगाला एका पडक्या विहिरीत मढं सापडलं. तळाशी गाळ आणि थोडं पाणी. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, कपडे कुजले होते. वहाणा तेवढ्या शाबूत होत्या. त्यांच्या टाचांना बैलाच्या जुन्या नालेचा तुकडा ठोकलेला होता. थोरले भाऊ पुढं झाले, त्यांनी तो लोखंडाचा तुकडा पाहिला आणि बोटानं चाचपला. म्हणाले, माझाच भाऊ. दाजी बैलांना नाल मारायला नेत, तेव्हा टाच झिजू नये म्हणून उरलेला तुकडा वहाणेला ठोकून घेत. घरात असं करणारे ते एकटेच होते. म्हणून थोरल्यांना वाटलं, जगातही एकटेच.

मला निरोप मिळाला तोवर सरण पेटलेलं होतं. मी तसाच ठाण्यात गेलो. वहाणा टेबलाखाली एका गोणपाटावर ठेवलेल्या होत्या. मी माझ्या पायातल्या काढल्या आणि शेजारी ठेवल्या. माझ्याही टाचांना नालेचा तुकडा होता. जो जो माणूस बैल घेऊन बाजार-बाजार चालतो, त्या प्रत्येकाच्या टाचेला तो असतो. मी म्हणालो, खर्ड्याच्या बाजारात चला, अशा वहाणांचे जोड गाडीभर दाखवतो.

फौजदारानं दोन्ही जोडांकडं पाहिलं. "म्हणजे तुझ्या पायात आणि मेलेल्याच्या पायात एकच वहाण. हे तू तुझ्या बाजूनं सांगतोयस की माझ्या?"

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या बोलण्यापायी मला ती रात्र तिथंच काढावी लागली.

सुटून दाजींच्या गावी गेलो तर चावडीपुढं माणसं बसलेली. थोरले भाऊ मधे, डोक्याचे केस काढलेले. मला पाहताच उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या हेड्यानं माझा भाऊ इकला."

कोणी त्यांना अडवलं नाही. एकानं तर मान हलवली. मी बैल विकतो, शेळ्या विकल्या, उद्या वेळ आली तर अंगावरचा सदराही विकीन. पण हे वाक्य माझ्या छातीत रुतलं. मी ठरवलं, हे वाक्य ज्या तोंडानं बाहेर आलं त्याच तोंडानं, याच जागी, आत गेलं पाहिजे.

माझी बहीण, तिला मी आक्का म्हणतो, मागच्या खोलीत होती. हातात बांगड्या तशाच, कपाळाला कुंकू तसंच. बायका तिच्याभोवती बसून समजावत होत्या आणि ती भिंतीकडं पाहत होती. मला म्हणाली, "मढं मला दावलं न्हाई. मला न दावता मी रांडाव झाले, हे कुनी ठरवलं?"

सासरच्यांनी, भावकीनं खूप रेटलं. ती हलली नाही. खडीच्या कामावर जायची, दिवसभर दगड फोडायची, सरकारी सुकडी खायची, आणि रोज सकाळी कुंकू लावायची. बायका तिच्या शेजारी खडी फोडायला बसेनाशा झाल्या. शेवटी भावकीनं तोडगा काढला. अक्षय तृतीयेपर्यंत थांबू. आमच्याकडं तिला आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. दाजींच्या नावाची घागर भरली की ते पितरांत गेले. मग आक्कानं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

होळी झालेली होती. आखितीपर्यंत माझ्या हातात काय तो वेळ होता.

आधी मीही फौजदारासारखाच माणूस शोधत फिरलो. नातेवाइकांकडं, छावण्यांवर, पाझर तलावांच्या कामांवर. हजारो माणसं खड्ड्यात उतरून माती काढत होती आणि सगळ्यांचे चेहरे मातीचे होते. मी विचारायचो, असा असा माणूस पाहिला का? लोक म्हणायचे, पाहिला असंल. त्या वर्षी सगळीच माणसं घर सोडून निघालेली होती, कोणाकोणाला लक्षात ठेवणार?

मग मिरजगावच्या बाजारात एक ओळखीचा म्हातारा दलाल भेटला. त्यानं दाजींचं नावही काढलं नाही. तंबाखू मळता मळता म्हणाला, "तुमच्या पाव्हण्याचा त्यो उलट्या भवऱ्याचा कोसा कुटं गेला रं? हितनं गेल्ता. मी म्हनलं, माज्या रांगंत उबा करू नगंस."

मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. कधी गेला, कोणाबरोबर, कोणत्या अंगाला. सगळं त्याला आठवत होतं, शिंगाच्या वळणासकट. कळपातून गेला होता. कळप नेणारा माणूस खाटकांसाठी खरेदी करणारा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस कोणी लक्षात ठेवत नाही, पण असा बैल आमच्या धंद्यातला कोणी विसरत नाही. ज्याची उंची मध्यम आणि रंग सावळा त्याला सोडा. ज्याच्या पाठीवर भोवरा त्याला धरा.

पण पुढच्या बाजारात वेगळीच अडचण आली. मी बैलाची चौकशी केली की माणसं गप्प व्हायची. त्यांना वाटायचं, बैल चोरीचा आहे, हा मालक आहे किंवा पोलिसांचा माणूस आहे, आपण कशाला अडकायचं. दोन बाजार असे वाया गेले. तिसऱ्या बाजारात मी उलटं केलं. चहाच्या पालात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, एका बड्या बागायतदाराला देवऋष्यानं सांगितलंय, उलट्या भोवऱ्याचा कोसा बैल दारात बांध, तरच पोरगा होईल. किमतीचं बघू नका म्हणालाय.

दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला तोंड फुटलं. कालपर्यंत ज्या भोवऱ्याला नावं ठेवली तो भोवरा आता सगळ्यांच्या बैलांना निघू लागला. एकानं ओल्या हातानं केस फिरवून भोवरा बनवून आणला होता. मी त्यावर फुंकर मारली तर तो उडाला. तो म्हणाला, "आरं, सकाळपस्नं हुता." पण या गोंधळात खरी बातमीही आली. घोडेगावच्या बाजाराहून आलेल्या एका हेड्यानं सांगितलं की असा बैल त्यानं तिथं पाहिला आहे. आणि त्याच्यामागं एक येडा चालत होता.

"येडा कसा?" मी विचारलं.

"कळपाच्या मागनं चालत हुता. बैल माघारी द्या, पैसं घ्या, म्हनत हुता. त्येनी दोनदा हाकलला, तरी येतच हुता. टोपी न्हवती डोक्याला."

मी उठून पालाच्या मागं गेलो आणि तोंड धुतलं. दाजी जिवंत होते. निदान घोडेगावपर्यंत जिवंत होते आणि ती विहीर तर खर्ड्याच्या बाजूला होती. दुसरा कोणी असता तर ठाण्यात धावला असता. मी गेलो नाही. फौजदार म्हणाला असता, साक्षीदार येड्याला येडा म्हणतोय, नाव कुठं सांगतोय?

घोडेगावाहून माग राहुरीकडं वळला. तिथून पुढं प्रवरेच्या कालव्याखालचा मुलूख लागतो. आमच्याकडं जमिनीला भेगा पडलेल्या आणि तिथं उसाला पाणी चाललेलं. तेच सरकार, तोच जिल्हा. मी एसटीतून उतरून पाटाच्या कडेला उभा राहिलो आणि वाहतं पाणी पाहून मला राग आला, एवढं आठवतं.

राहुरीच्या बाजारात कळलं की कळपवाल्यानं तो बैल एका गुऱ्हाळवाल्याला विकून टाकला. बैल तगडा होता आणि पाठीमागं लागलेल्या त्या येड्याची कटकट कळपवाल्याला नको झाली होती. गुऱ्हाळ कुठं ते विचारत मी पायी निघालो. लांबूनच रसाचा वास आला. चरकाला दोन बैल जुंपलेले होते आणि गोल फिरत होते. त्यातला आतला कोसा, डावं शिंग खाली. त्याच्यामागं हातात नुसतीच काठी धरून, ती न उगारता, एक दाढीवाला माणूस चालत होता.

मी हाक मारली नाही. तो फिरून माझ्यासमोर आला, मला पाहिलं आणि पुढं चालू लागला. पुन्हा एक फेरा घेऊन आला तेव्हा म्हणाला, "पाव्हणं, बसा. ह्यो घाना व्हऊ द्या."

त्यांचं काम संपेपर्यंत मी बसलो. त्यांना मारावं की मिठी मारावी हे ठरवायला तो वेळ पुरला नाही.

मग त्यांनी सांगितलं ते असं. खर्ड्यात त्यांनी बैल विकला तो एका शेतकऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला. तासाभरानं कळलं की तो खाटकांचा माणूस आहे. दाजी पैसे घेऊन मागं धावले. तो ऐकेना, त्याला दाम वाढवून हवे होते. तेव्हा दाजींनी घरी जायचं नाही असं ठरवलं, कारण घरून निघताना थोरल्या भावानं दारात उभं राहून सांगितलं होतं: "बैल खाटकाकडं गेला, तर मला त्वांड दावू नगंस." दाजी साधा माणूस. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं धरलं. बैलामागं चालत राहिले. बैल गुऱ्हाळवाल्यानं घेतला तेव्हा त्याचेही पाय धरले. तो म्हणाला, गाळप संपेपर्यंत बैल देत नाही, वाटलं तर तूही रहा. दाजी राहिले. बैल पुन्हा कोणाला विकला जाऊ नये म्हणून त्याच्याशेजारी झोपत होते.

"निरोप धाडायचा," मी म्हणालो.

"काय धाडू? त्वांड न्हाई, तर निरूप कशाचा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. विहीर, वहाणा, सरण, आखितीची घागर. आक्का कुंकू लावून खडी फोडते हे सांगितलं तेव्हा ते उठून बैलाकडं गेले आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "बैलासंगट येतो. न्हायतर न्हाई येत."

मी चिडलो. बायकोचं कुंकू पुसलं जायला आलंय आणि हा माणूस बैल धरून बसलाय. पण त्यांच्याशी भांडून एकदा काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. शिवाय थोरल्या भावाचं ते दारातलं वाक्य आता माझ्याजवळ होतं. त्यांनी ते ठाण्यात सांगितलं नव्हतं, चावडीवर सांगितलं नव्हतं. भाऊ का गेला हे ज्या माणसाला सगळ्यांत चांगलं माहीत होतं त्यानंच बोट माझ्याकडं दाखवलं होतं. बैल नसता नेला तर ते म्हणाले असते, बघा, बैल खाटकाकडं गेलाच, मी म्हणत होतो ते खरं झालं. मला चावडीवरचं ते वाक्य परतही घ्यायला लावायचं होतं आणि बैलही हवा होता.

गुऱ्हाळवाला खाटेवर बसला होता. पांढरं धोतर, सोन्याची अंगठी, पोटावर हात. मी बैलाचं काढलं तसा तो हसला.

"मला म्हाईत हाय तुम्ही का आलाय. कुना बागायतदाराला ह्योच भवरा पायजे. पोरगं व्हनार हाय म्हनं. पैशाचं बघू नका म्हनलाय. मंग मी तरी कशाला बघू?"

माझीच थाप कैक मैल चालत माझ्यापुढं येऊन बसली होती. त्यानं जो आकडा सांगितला त्यात शर्यतीच्या बैलांची एक जोडी आली असती. मी चहा मागितला. तो पिता पिता शेड पाहिली, कढई पाहिली, भट्टी पाहिली. मग म्हणालो, तो बागायतदार मीच पैदा केलेला आहे. त्याला पोरगा होणार नाही, कारण तो मुळात जन्मलेलाच नाही.

तो पुन्हा हसला, पण थोडं कमी. म्हणाला, खोटं बोलताय.

"ऱ्हाऊ द्या. भवऱ्याचं तरी खरं मानता का?"

तो म्हणाला, तसलं मी मानत नाही. पण त्याचा हात पोटावरून मांडीवर गेला. मी तेवढंच पाहत होतो.

मी दाजींना हाक मारली. ते आले, अंगावर उसाची चिपाडं, दाढी वाढलेली, पायांना भेगा. मी म्हणालो, "मालक, ह्यो मानूस तुमचा गडी न्हाई. ह्येचं घर हाय, दोन भावांची जिमीन हाय, लक्षुमीसारखी बायकू हाय. ह्या भवऱ्याचा बैल दावनीला हुता. आता बघा. घर सुटलं, टोपी गेली, जित्तेपनी गावानं सरन रचलं. आन आज तुमच्या चरकामागं चालतोय. बैल आता कुनाच्या दावनीला हाय?"

दाजींनी यातलं काहीही आधी ऐकलेलं नव्हतं. ते मान खाली घालून उभे राहिले, आणि त्यांच्या त्या उभं राहण्यानं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं. गुऱ्हाळवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग भट्टीकडं पाहिलं. नंतर कळलं की त्याच महिन्यात त्याची एक कढई तळाला फुटली होती आणि भावानं वाटणी मागितली होती. मला ते माहीत नव्हतं. पण दुष्काळी वर्षात ज्याच्या घरी काहीच फुटलं नाही असा माणूस कुठं असतो?

मी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. दोघांचे हात कापडाखाली जातात आणि बोटं धरून आकडा सांगायचा, शेजारच्याला कळता कामा नये. त्यानं हात आत घातला. हाताला घाम होता आणि बोटं सैल पडली होती. मी पहिला आकडा धरला. त्यानं बोट हलवलं, पण ओढलं नाही. मी थोडा वाढलो, उगाच, त्याची शोभा रहावी म्हणून. त्यानं हात बाहेर काढला आणि दाजींना म्हणाला, "सोड तो बैल. बाहीरच्या बाहीर घिऊन जा. घरापुढनं नगं."

तो आकडा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. कापडाखालचा आकडा बाहेर काढायचा नसतो. इतकंच सांगतो की आयुष्यात मी लाखांची यंत्रं फिरवली, पण तसा सौदा पुन्हा झाला नाही.

आता आखिती दोन दिवसांवर होती आणि बैल चालवत नेला असता तर आठवडा लागला असता. पण त्या दिवसांत उसाच्या मुलखातून दुष्काळी तालुक्यांच्या छावण्यांना वाढ्याचे ट्रक जात. वाढं म्हणजे उसाचं हिरवं टोक, तोच आमच्या जनावरांचा चारा. जामखेडच्या बाजूला जाणारा एक ट्रक गाठला. ड्रायव्हर म्हणाला, जनावर चढवायचा हुकूम नाही. मी म्हणालो, हा चारा खाणाराच आहे, छावणीत खाल्ला काय आणि वाटेत खाल्ला काय. तो हसला आणि मागची फळी खाली केली. बैल त्या ढिगावर चढला आणि नगर येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

आखितीला सकाळी उन्हं चढत होती तेव्हा आम्ही गावच्या फाट्यावर होतो. ड्रायव्हरला सगळी गोष्ट सांगून झाली होती, त्यामुळं तो छावणीकडं न वळता सरळ गावात शिरला आणि हॉर्नवरचा हात काढेना. आधी कुत्री धावली, मग पोरं, मग सगळं गाव. त्यांना ट्रकवर हिरवा चारा दिसला, त्यावर कोसा बैल, आणि बैलाच्या शिंगाला धरून उभा राहिलेला, ज्याचं सरण त्यांनी स्वतः रचलं होतं तो माणूस. एक म्हातारी तिथंच ओरडून खाली बसली. कोणीतरी म्हणालं, भूत. ड्रायव्हर म्हणाला, "भूत न्हाई, भाडं भरून आलंय." तेही खोटं. भाडं त्यानं घेतलं नाही.

घराच्या ओट्यावर घागर मांडलेली होती, वर पत्रावळ झाकलेली. थोरले भाऊ पाटावर बसलेले. ते उठून उभे राहिले. दाजी खाली उतरले, बैल उतरवून घेतला आणि दावं थोरल्या भावाच्या हातात देऊन म्हणाले, "खाटकाकडं न्हाई गेला." एवढंच. थोरल्यांनी दावं धरलं आणि त्या बैलाच्या मानेवर तोंड ठेवून ते लहान पोरासारखे रडले.

आक्का दारात आली. तिनं दाजींकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, दाढीपाशी थोडं थांबली. म्हणाली, "आधी न्हावी बोलवा." आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून बांगड्यांचा आवाज आला. भाकरी थापत होती.

दुपारी फौजदार जीपमधून आला. त्यानं दाजींना नाव, वय, उंची विचारली आणि लिहून घेतली. उंची तीच मध्यम. मी म्हणालो, साहेब, आता त्या दुसऱ्याचं काय? ज्याला आम्ही जाळलं तो कोणाचा? कुठंतरी एक बाई त्याच्या नावानं कुंकू लावून बसली असेल. तो म्हणाला, तपास चालू राहील. तो तपास कधी झाला असं मी ऐकलं नाही. मी पुढं अनेक वर्षं बाजारांत विचारत राहिलो, नाल ठोकलेल्या वहाणांचा कोणी हेडी त्या वर्षी परत आला नाही का म्हणून. आले नाहीत असे बरेच निघाले. तो त्यांतला कोणता, हे मला शोधता आलं नाही, कारण त्याच्याबरोबर बैल नव्हता. जाताना फौजदारानं दाजींचा अंगठा घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही. त्या चार ओळी आठवड्यानं छापून आल्या.

संध्याकाळी मी थोरल्या भावांना म्हणालो, चला चावडीवर. दाजी म्हणाले, पाव्हणं, झालं गेलं जाऊ द्या. मी म्हणालो, तुमचं झालं असेल, माझं व्हायचंय.

सगळी माणसं आली. त्या दिवशी मान हलवणारा तोही आला. थोरले भाऊ मधे उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि जमिनीकडं पाहत सांगितलं, की बैल खाटकाकडं गेला तर तोंड दाखवू नको असं मीच भावाला बोललो होतो. ते मी लपवलं आणि ह्या माणसाचं नाव घेतलं. ह्यानं माझा भाऊ विकला नाही, ह्यानं तो आणला.

बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला होता.

मी म्हणालो, मागच्यांना ऐकू आलं नसंल.

त्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं. या वेळी मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं.